पुलाला नाव द्यावं इतकं काय केलं त्यानं?

पिट्सबर्गला आलेल्या पाहुण्यांचा आमच्याकडे कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी पेन हिल्सचं वेंकटेश्वराचं मंदिर आणि संध्याकाळी गावात अ‍ॅलेगेनी नदीवरचा पिवळा पूल. पुलाचं नाव 'रोबेर्तो क्लेमेंटे पूल' असल्याचं कळलं, पलीकडे स्टेडियमपाशी त्या क्लेमेंटेचा पुतळा पाहिला, की कुणीतरी विचारतंच, "बेसबॉल खेळायचा ना हा? मग पुलाला नाव द्यावं इतकं काय केलं त्यानं?" आपल्याकडे पुलांना नावं कुणाची देतात हे ठाऊक असल्यामुळे प्रश्नात थोडा संशयही असतो. पुलावर वाऱ्यात उभं राहून हे नीट सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी खेळाचं, कारण नुसता भला माणूस म्हणून कुणी पूल देत नाही. 1955 ते 1972 अशी अठरा वर्षं तो एकाच संघाकडून, पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला. कारकिर्दीत मोजून 3,000 हिट, म्हणजे चेंडू टोलवून किमान पहिल्या बेसपर्यंत, पहिल्या टप्प्यापर्यंत, सुखरूप पोचणं. चार वेळा लीगमध्ये फलंदाजीची सर्वोत्तम सरासरी. आकडे बाजूला ठेवा. आमच्या घरात क्रिकेट नवऱ्याचं आणि बेसबॉल माझं, पण क्लेमेंटेच्या थ्रोच्या जुन्या फिती लागल्या की तोही हातातला फोन खाली ठेवतो. त्याची जागा राइट फील्डची, म्हणजे बॅटरच्या समोर उजवीकडे, पार कुंपणापर्यंत. शाळेत असताना तो भालाफेक करायचा, ते हातात दिसतं. कोपऱ्यात घरंगळत गेलेला चेंडू उचलायचा, गर्रकन वळायचा आणि तिथून सरळ तिसऱ्या बेसवर. उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्याला सलग 12 वर्षं मिळाला. 1971 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, सातही सामन्यांत त्यानं हिट मारल्या आणि मालिकेचा मानकरी ठरला. शेवटच्या सामन्यानंतर कॅमेरा समोर आला तेव्हा इंग्रजीत उत्तर देण्याआधी त्यानं स्पॅनिशमध्ये आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. साऱ्या अमेरिकेच्या टीव्हीवर, 1971 साली!

त्या काळात हे सोपं नव्हतं. तो पोर्तो रिकोमधल्या कॅरोलिनाचा, 1934 चा जन्म, वडील उसाच्या मळ्यात मुकादम. कॅरिबियनमधलं हे बेट अमेरिकेच्याच ताब्यातलं, त्यामुळे जन्मानं तो अमेरिकन नागरिक. पण रंगानं काळा आणि भाषेनं परका, म्हणजे दोन्हीकडून मार. फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला सरावासाठी संघ जायचा तेव्हा गोरे खेळाडू हॉटेलात आणि काळे खेळाडू गावाच्या दुसऱ्या टोकाला. वार्ताहर त्याचं इंग्रजी त्याच्या उच्चारांसकट छापायचे, वाचणाऱ्याला हसू यावं म्हणून. बेसबॉलच्या कार्डांवर कित्येक वर्षं 'बॉब क्लेमेंटे' छापलं गेलं. तो मात्र आपलं नाव रोबेर्तो असल्याचं सांगत राहिला. मेल्यावरही सुटका नाही. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, त्याच्या फलकावर 'रोबेर्तो वॉकर क्लेमेंटे' असं कोरलं गेलं. वॉकर हे आईकडचं आडनाव, आणि स्पॅनिश रीतीप्रमाणे ते शेवटी येतं. फलक दुरुस्त व्हायला 2000 साल उजाडलं. वडिलांचं नाव मधलं की आडनाव, यावरून इथल्या कचेऱ्यांच्या खिडक्यांवर हुज्जत घातलेल्या मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. 23 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानं जमीनदोस्त झाली. काही आठवड्यांपूर्वीच क्लेमेंटे पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून तिथे राहून आला होता, माणसं ओळखीची झाली होती. पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन, तिथल्या हिराम बिथॉर्न स्टेडियमवर त्यानं मदत गोळा करायला सुरुवात केली. ऐन नाताळात हा माणूस तिथे औषधं आणि खाण्याचे डबे उतरवून घेत होता. सामान रवाना झालं, आणि हुकूमशहा सोमोसाचे सैनिक ते मधल्यामधे लाटताहेत अशी खबर आली. आपण स्वतः बरोबर गेलो तर कुणी हात लावणार नाही, असा त्याचा हिशेब. भाड्यानं मिळालेलं डीसी-7 विमान जुनं, त्याच महिन्यात धावपट्टीवर अपघात झालेलं, आणि वर मर्यादेपेक्षा जवळजवळ 1,900 किलो जास्त माल. 31 डिसेंबरच्या रात्री उडाल्यावर काही मिनिटांत ते समुद्रात कोसळलं. पाचही जण गेले. क्लेमेंटेचा देह सापडला नाही. संघातला त्याचा मित्र मॅनी सांगियेन स्मृतिसभेला गेला नाही. तो शोधणाऱ्यांबरोबर पाण्यात उतरला होता.

हॉल ऑफ फेमसाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम आहे, तो बाजूला ठेवून 1973 मध्येच त्याला घेतलं. तिथे पोचलेला तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू. पुलाला नाव मिळालं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. इथल्या नव्या स्टेडियमची राइट फील्डची भिंत 21 फूट उंच बांधली, कारण त्याचा नंबर 21.

मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा पुरस्कार मोलाचा. समाजासाठी झटणाऱ्या खेळाडूला मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग, दरवर्षी रोबेर्तो क्लेमेंटे पुरस्कार देते. तिसही संघ आपापला एकेक उमेदवार पाठवतात. 2018 ला तो पोर्तो रिकोच्या यादिएर मोलिनाला मिळाला. मारिया वादळानंतर बेटावर मदत पोचवण्यात तो पुढे होता. 2021 चा मानकरी नेल्सन क्रूझ. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या आपल्या गावाला त्यानं अग्निशमनाचा बंब आणि अ‍ॅम्ब्युलन्स दिली. गावात आग लागली तर बंबच नव्हता, म्हणून बंब. किती सरळ हिशेब!

मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना वाट करून देणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या 42 प्रमाणे 21 हा नंबरही सगळ्याच संघांनी कायमचा निवृत्त करावा, अशी मागणी अधूनमधून होते. 2017 मध्ये आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरनं सचिनचा 10 नंबर घातला तेव्हा लोकांनी त्याची काय गत केली ते आठवत असेल. नंतर त्यानं 54 घेतला. 21 चं असं होऊ नये, असं मला वाटतं. पायरेट्सनं तो निवृत्त केला ते ठीक, घरचा मान आहे. पण 15 सप्टेंबरला, क्लेमेंटे दिनी, पोर्तो रिकोची पोरं वेगवेगळ्या संघांतून 21 घालून उतरतात, ते पाहायला मला आवडतं. आमच्या ओळखीतल्या पोर्तो रिकन बाईंना हे मुळीच पटत नाही. "तुमच्या देवाचा नंबर तुम्ही ठेवलात ना जपून?" असं त्या ऐकवतात, आणि मला उत्तर सुचत नाही.

पुढच्या वेळी येणार असाल तर लॉरेन्सव्हिलमधलं क्लेमेंटे संग्रहालयही दाखवीन. जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत आहे. मात्र आधी वेळ घ्यावी लागते, तेव्हा तारीख चार दिवस आधी कळवा.