बॉटरभोवती हातभर मोकळं पाणी

७ फेब्रुवारी २०२१, रविवार. नेदरलँड्सभर हिमवादळ. मी अमर्सफोर्टला राहतो. तिथून जवळच स्पाकेनबुर्गच्या बंदरात जुन्या मासेमारी होड्या असतात. त्यांना बॉटर म्हणतात: ओकच्या फळ्यांच्या, सपाट बुडाच्या, तेरा-चौदा मीटर लांब. त्यांतल्या एकीवर मी सवडीने कामाला जातो. त्या दिवशी जीव तिकडेच लागला होता. पण गाव धर्मनिष्ठ, रविवारी काम करत नाहीत. सोमवारी सकाळी पोचलो तेव्हा होडीभोवती पातळ बर्फ धरला होता. बुधवारी त्याच बर्फावर कुत्री फिरत होती.

या होड्या झाउडरझे या समुद्रासाठी बांधलेल्या. १९३२ साली ३२ किलोमीटरचा बांध घालून तो बाहेरच्या समुद्रापासून तोडला, पाणी हळूहळू गोडं झालं. खारं पाणी उणे दोनच्या आसपास गोठतं, गोडं शून्यालाच.

माझं लहानपण हर्णैचं. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. मग इथे वर का नाही घेत, असं मी विचारलं होतं. ओक सुकला की सांधे उघडतात, म्हणून होडी पाण्यातच बरी. पण बर्फाने फळी धरली आणि वाऱ्याने पाण्याची पातळी हलली, की पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यांत ठोकलेला कलाफतीचा काथ्या उपसून निघतो. म्हणून होडीभोवती हातभर पाणी मोकळं ठेवायचं.

काम दोघादोघांनीच करायचं, कारण कोरोनाचे निर्बंध होते. रात्री नऊनंतर संचारबंदी, त्यामुळे शेवटची फेरी आठला. माझ्या जोडीला सत्तरीचे एक जुने कोळी होते. त्यांनी मला आधी कुऱ्हाड खाली ठेवायला लावली. फळीजवळ घाव घालायचा नाही. हादरा थेट सांध्याला बसतो. फळीपासून फूटभर दूर, डेकवरूनच पहारीने भोकं पाडायची, मग लांब दात्यांच्या करवतीने चर कापायचा. तुकडे आकडीने ओढून वर टाकायचे. खाली सोडले तर रात्रीत पुन्हा जुळतात. पहिल्या दिवशी माझे तळहात सोलले, आणि दुसऱ्या सकाळी तो चर बोटभर जाडीने बुजलेला! पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात जपायचा तो होडीच्या मधला हौद. मासे जिवंत राहावेत म्हणून त्याच्या फळ्यांना भोकं असतात, बाहेरचं पाणी आत खेळतं. ते आतल्या आत गोठलं तर फुगून फळ्यांवरच जोर करतं. मी रोज तिथे पोटावर पडून, हात खाली घालून, वरची साय फोडायचो. बोटं बधिर व्हायची, पण फोडताना आत हलणारं काळं पाणी दिसलं की बरं वाटायचं.

मला वाटलं होतं, थंडी ओसरली की सुटलो. त्या कोळी आजोबांची खरी काळजी तेव्हा सुरू झाली. पुढच्या आठवड्यात पारा पंधराच्या वर गेला, बर्फाच्या लाद्या सुटल्या आणि वाऱ्याबरोबर सरकू लागल्या. त्यांची कड करवतीसारखी असते, पाण्याच्या रेषेवर फळी कापते. आम्ही दोन्ही बाजूंना जुन्या फळ्या दोरांनी लटकवल्या, आणि दिवसभर बांबूने लाद्या दूर ढकलत राहिलो.

डाव्या बाजूच्या लटकत्या फळीत बोटभर खोल खाच पडली. होडीला एक ओरखडा आला, डांबर जाऊन खालचा ओक दिसेल इतकाच. वसंतात ती वर घेतली तेव्हा त्याच जागी एका सांध्याचा वीतभर काथ्या सुटलेला सापडला. तो नवा भरायला आजोबांनी हातोडी माझ्या हातात दिली.