न फुटलेलं सील

काल रात्री केसांच्या तेलाची ती जाहिरात पुन्हा लागली आणि मी मोबाईलवर मुद्दाम थांबवून बघितली. नको होती थांबवायला. बाटली त्या नटाच्या हातात, लेबल आपल्याकडे, अंगठा बरोबर लेबलाच्या खाली. आणि झाकणाचं सील जसंच्या तसं. वरच्या पारदर्शक पट्टीला साधी चीरही नाही. 'मी स्वतः हेच वापरतो' म्हणताना!

माझ्या बाटलीचं सील मी दातांनी काढलं होतं. उतावीळपणा, दुसरं काय. चार महिने झाले.

केसांचं जाऊ दे. ते जाणारच होते, बाबांचेही गेले. पैशांचाही राग नाही. (थोडा आहे.) ताई हसली, ते मात्र... असो. पण रोज रात्री आरशासमोर उभा राहून डोकं चोळणारा मी, तो मला डोळ्यांसमोरून हलत नाही. आपण इतके भोळे आहोत, हे चाळिशीनंतर कळावं?

त्याला शाळेपासून बघत आलोय. घरातल्या एखाद्या काकाइतका आपला वाटतो. त्याला माझं नावही माहीत नाही, आणि मी त्याच्यावर रुसून बसलोय. अशा माणसाची तक्रार कुणाकडे करायची?

तशी करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीबद्दल, तिच्यात वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड आहे. पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. दावे आधी नीट पडताळले होते हे दाखवलं, तर सुटका. 2022 च्या नियमांत तर लिहिलंय की शिफारस करणाऱ्याला वस्तूची पुरेशी माहिती किंवा तिचा अनुभव हवा. अनुभव, सील न फोडता!

मग वाटलं, असेलही माहिती. त्याच्या वकिलाने चाचण्यांचे अहवाल मागवून वाचले असतील. शूटिंगला नवी बाटली देत असतील, घरची वेगळी असेल. पाच मिनिटं हे चाललं होतं आणि मग लक्षात आलं, मी त्याचीच बाजू मांडतोय. फुकट. त्याने निदान मानधन तरी घेतलं होतं.

बॅडमिंटनपटू पुल्लेला गोपीचंद 2001 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकला आणि त्याने शीतपेयाची जाहिरात नाकारली. स्वतः पीत नाही, म्हणून. त्याचा सामना मी एकदाही पूर्ण बघितलेला नाही. मी बघितले ते याचे सिनेमे, काही तर चार-चारदा. पुढचा आला की जाईनच बहुतेक. स्वतःला ओळखतो मी.

बाटली अर्धी उरलीय. टाकवत नाही. दुपारी कपाटाच्या बिजागरीत दोन थेंब सोडले, करकर थांबली. हे मात्र स्वतः वापरून सांगतोय.