आजीच्या नावाने पाठवलेले पैसे

दरवर्षी जूनच्या अखेरीस, विदर्भातल्या शाळा उन्हाळा सरून उघडू लागल्या की मी नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या बँकेत जाते आणि परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ हा अर्ज भरते. पैसे आफ्रिकेतल्या मलावी या देशाच्या डोवा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जातात. तिथे एक आजी चार नातवंडांना सांभाळते आणि त्यांतल्या एका मुलीचे शैक्षणिक पालकत्व मी दहा वर्षांपूर्वी स्वीकारले. मुलीचे नाव आणि गावाचे नाव मी इथे लिहिणार नाही. आपल्या घरातल्या लेकराची गरिबी आपण चारचौघांत मांडत नाही, तर तिचीही मांडू नये, असे मला वाटते.

माझा भाचा मलावीच्या राजधानीत, लिलोंग्वे येथे, एका व्यापारी कंपनीत हिशेबनीस आहे. २०१५ मध्ये सुटीवर नागपूरला आला असताना त्याने त्याच्या ओळखीच्या एका लहानशा स्थानिक संस्थेविषयी सांगितले. गावातल्या बायकांचा एक गट आणि शाळेचे शिक्षक मिळून ती चालवतात आणि ज्या मुलांचे आईवडील नाहीत, किंवा असून आजारी आहेत, अशा मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था बघतात. मी एकतीस वर्षे नागपुरातल्या महाल भागातल्या एका शाळेत गणित शिकवले आहे. आमच्याकडे सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजनेत आम्ही शिक्षिका मिळून गरीब घरच्या मुलींचा खर्च उचलत असू, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. भाच्याला म्हटले, "एका मुलीचे मी बघते." तेव्हा मला वाटले होते की काम एवढेच आहे.

पहिली गोष्ट जी मला नव्याने शिकावी लागली ती 'अनाथ' या शब्दाची. आपल्या भाषेत अनाथ म्हणजे ज्याला कोणी त्राता उरला नाही तो. आंतरराष्ट्रीय आकडेवारीत मात्र आई किंवा वडील यांपैकी एक जरी दगावले असले तरी अठरा वर्षांखालील मूल 'अनाथ' मोजले जाते. युनिसेफच्या २०१५ च्या अंदाजानुसार जगात अशी सुमारे १४ कोटी मुले होती, पण आई आणि वडील दोघेही गमावलेली त्यांत सुमारे १ कोटी ५१ लाखच होती. म्हणजे बहुतेक मुलांना आईवडिलांपैकी एक जण आहे, आणि ज्यांना दोघेही नाहीत त्यांतल्या बहुतेकांना आजी, मावशी, मामा यांपैकी कोणीतरी आहे. मी जिचा खर्च उचलते तिचे आईवडील दोघेही गेले आहेत. कोणत्या आजाराने, हे मी कधी विचारले नाही. पण त्या भागातला चेवा समाज मातृवंशीय आहे. मुले आईच्या कुळाची मानली जातात, नवरा लग्नानंतर पुष्कळदा बायकोच्या गावी राहायला येतो आणि मुलांविषयीच्या निर्णयांत मामाचा शब्द मोठा असतो. मामाला तिथे 'मालुमे' म्हणतात, आणि आजी-आजोबांना 'अगोगो'. आई गेली तेव्हा ती मुलगी कोठे परक्या दारी गेली नाही. ती होती त्याच अंगणात, आईच्या आईजवळ राहिली. तिला नाथ होता. त्या नाथाजवळ खताच्या पोत्याला आणि वह्यांना पैसे नव्हते, एवढेच.

हे मला कळले ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. दुसऱ्या वर्षी तिच्या वाढदिवसासाठी मी ठरलेल्या रकमेखेरीज वेगळे पैसे पाठवले आणि तिला बूट व फ्रॉक घ्यावा असे कळवले. भाचा काही महिन्यांनी त्या गावी गेला तेव्हा बूट पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेले होते. त्याने कारण विचारले. आजी जे बोलली ते त्याने मला फोनवर जसेच्या तसे सांगितले: "एका लेकराच्या पायात जोडे आणि तिघांचे पाय उघडे, हे मी रोज सकाळी बघू शकत नाही." घरात त्या मुलीची धाकटी बहीण होती आणि मावशीची दोन मुले होती. त्या चौघांत भेद करण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता, आणि तो मी नागपुरात बसून, चांगल्या मनाने, बजावला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळालेली मुलगी आणि न मिळालेली तिची सख्खी बहीण एकाच बाकावर बसलेली मी कित्येकदा पाहिली होती, तरीही हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

तेव्हापासून पैसे मुलीच्या नावाने न जाता आजीच्या नावाने जातात. गावच्या गटाने तसे करायला आनंदाने होकार दिला. त्यांना ते आधीपासूनच हवे होते, पण देणाऱ्याला एकच मूल, एकच छायाचित्र आणि एकच पत्र हवे असते, या अनुभवामुळे ते बोलत नव्हते. आजीने पहिल्या वर्षी काय केले ते सांगते. तिने चौघांचे गणवेश शिवले, मक्याला घालायला खताचे एक पोते घेतले आणि उरलेले पैसे 'बँक म्खोंडे'त भरले. 'खोंडे' म्हणजे ओसरी. गावातल्या बायका कोणाच्यातरी ओसरीवर जमतात, थोडीथोडी रक्कम भरतात, त्यातून एकमेकींना व्याजाने कर्ज देतात आणि वर्षाच्या शेवटी जमलेले वाटून घेतात. आपल्या बचत गटाची जी रीत आहे तीच, फक्त नाव अधिक गोड आहे. खताला मी सुरुवातीला शिक्षणाचा खर्च मानायला तयार नव्हते. पण मलावीत पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, मका एप्रिल-मेमध्ये हाती लागतो आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत मागच्या वर्षीचे धान्य संपलेले असते. त्या महिन्यांत मुले शाळेतून गळतात, कारण उपाशी मूल दूरच्या शाळेत चालत जाऊन बसू शकत नाही, आणि मोठ्या मुलांना दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावे लागते. खताच्या एका पोत्याने फेब्रुवारीतली हजेरी सुधारते, हे गणित मला एकतीस वर्षांत कोणत्या पुस्तकात सापडले नव्हते.

शाळेत मका आणि सोयाबीनची लापशी मिळते तिथे हजेरीचा प्रश्न बराच सुटतो. 'मेरीज मील्स' या संस्थेचे काम २००२ मध्ये मलावीतच २०० मुलांच्या जेवणापासून सुरू झाले आणि आज ती संस्था अनेक देशांत मिळून वीस लाखांहून अधिक मुलांना जेवू घालते. आपल्याकडच्या मध्यान्ह भोजनाचा अनुभव असलेल्या कोणाही शिक्षकाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मलावी सरकारचाही हात यात आहे. २००६ मध्ये म्चिंजी जिल्ह्यातून सुरू झालेली 'म्तुकुला पाखोमो' ही योजना अत्यंत गरीब आणि कमावता हात नसलेल्या घरांना रोख रक्कम देते, आणि अशी घरे म्हणजे पुष्कळदा आजी आणि नातवंडे हीच असतात. पैसे मुलाच्या नव्हे तर घराच्या हाती द्यावेत, हा विचार तिथल्या लोकांनी आमच्यासारख्या देणगीदारांच्या फार आधी केला होता.

पत्रांच्या बाबतीतही मला मागे यावे लागले. वर्षातून चार पत्रे यावीत अशी माझी अपेक्षा होती आणि ती येतही होती. पण वर्गात फळ्यावरून उतरवून घेतलेला निबंध कसा दिसतो हे मला कळते. प्रत्येक पत्रात तीच सुरुवात, तेच आभार, तीच माझ्या प्रकृतीची चौकशी. शाळा सुटल्यावर त्या मुलीला बसवून कोणीतरी ते लिहून घेत होते, आणि घरी पाणी भरायची वेळ निघून जात होती. मी कळवले की पत्रे नकोत. वर्षातून एकदा हजेरीचा आणि गुणांचा कागद पाठवावा, आणि तिला स्वतःहून कधी लिहावेसे वाटले तर तिने लिहावे. पुढची दोन वर्षे काहीच आले नाही, आणि नंतर एकदा तिने आपल्या हाताने लिहिले की अपूर्णांकांचा भागाकार समजत नाही. ते पत्र मी जपून ठेवले आहे. उत्तर चार पानांचे गेले, आकृत्यांसह.

ज्यांना मुलांसाठी काही करायचे आहे अशांनी अनाथालय बांधण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे आता ठाम मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाविषयीची जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांतही केवळ गरिबीमुळे मुलाला कुटुंबापासून वेगळे करू नये असे म्हटले आहे. चांगली इमारत, पोटभर जेवण आणि परदेशी पाहुणे असलेली संस्था गावाजवळ उभी राहिली की नातेवाईकच मुलाला तिथे सोडतात, कारण शिक्षण तिथेच मिळते. आपल्या नागपुरातही वाढदिवसाला किंवा पितृपंधरवड्यात अनाथालयात जेवण देण्याची प्रथा आहे. त्यामागची भावना खरी असते. पण पंगतीपूर्वी मुलांना रांगेत उभे करून आभाराचे गाणे म्हणायला लावतात, ते मला बघवत नाही.

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच आहे. माझा एक जुना विद्यार्थी, आता भाजीचा ठोक व्यापारी, त्याने तो सरळ विचारला: "बाई, आपल्या यवतमाळात का कमी लेकरं आहेत जी?" प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. शेतकरी बापाने आत्महत्या केल्यावर आईजवळ किंवा आजीजवळ वाढणारी मुले यवतमाळ, वर्धा, अमरावती या जिल्ह्यांत आहेत, आणि त्यांतल्या एका मुलाच्या शिक्षणाशी मी जोडलेली आहे. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, आणि त्या मुलाचा अर्ज भरायला, कागदपत्रे गोळा करायला माझे जेवढे दिवस गेले तेवढे मलावीसाठी कधीच गेले नाहीत. पण एक केले म्हणून दुसरे सोडावे, असे मला वाटत नाही. उलट डोव्यातल्या आजीने मला यवतमाळच्या आजीशी कसे बोलावे ते शिकवले. तिथेही मी आता मुलाला काय हवे असे विचारत नाही. घरात काय अडले आहे ते विचारते.

आणि या नात्याला आपल्या बाजूनेही एक धागा आहे. एड्सने आफ्रिकेत घरेच्या घरे ओस पडत असताना औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, आणि त्यानंतर किमती झपाट्याने उतरल्या. पुढे २०११ मध्ये मलावीने एचआयव्हीबाधित प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला आयुष्यभर औषध देण्याचे धोरण सुरू केले. असे करणारा तो जगातला पहिला देश. आई जगली तर मूल अनाथ होतच नाही. माझ्यासारख्या हजारो जणींच्या वार्षिक रकमांनी जे साधणार नाही ते त्या गोळ्यांनी साधले, आणि हे सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो.

मग अशा पालकत्वाचा उपयोग होतो का? ब्रूस वायडिक आणि त्यांच्या दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या सहांत भारत, केनिया आणि युगांडाही होते. एका मोठ्या संस्थेमार्फत ज्यांना लहानपणी असे पालक मिळाले होते ते सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकले होते. ऐकायला हे थोडे वाटते. मी शिक्षिका असल्यामुळे मला ते थोडे वाटत नाही; सातवीत गळणे आणि आठवीची परीक्षा देणे यांत एकाच वर्षाचे अंतर असते.

पैसे पाठवण्याविषयी विचारणा होते म्हणून थोडक्यात लिहिते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि देणगी त्यात बसते. पॅन कार्ड लागते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराच्या ८०जी कलमाखाली सूट मिळत नाही. रक्कम ठरवताना आम्ही आता रुपये धरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचा या चलनाचे ४४ टक्के अवमूल्यन झाले आणि सगळे हिशेब कोलमडले, तेव्हापासून मक्याची आणि खताची किती पोती लागतील ते गट कळवतो आणि मी त्यावरून बेरीज करते. आणि पाच वर्षे देता येणार नसेल तर पहिले वर्षही देऊ नये. मध्येच थांबलेल्या पैशांनी मूल शाळेतून उठते.

मागच्या वर्षी ती आठवीची परीक्षा उत्तीर्ण झाली. उत्तीर्ण होणाऱ्या सगळ्यांना तिथे सरकारी माध्यमिक शाळेत जागा मिळत नाही. तिला मिळाली, पण शाळा लांब आहे आणि तिथेच राहावे लागणार होते. गटाने शाळेची यादी पाठवली: गादी, ब्लँकेट, बादली, ताट, कुलूप, दोन गणवेश, वह्या. आमच्या वसतिगृहाच्या मुलींना आम्ही जी यादी देत असू तिच्यात आणि या यादीत मला फरक दिसला नाही. आजीने बँक म्खोंडेतल्या आपल्या वाट्यातून गादी घेतली आणि कळवले की गादीचे पैसे पाठवू नयेत, ते घरचे आहेत. बाकीचे मी पाठवले. शाळा सुरू झाली त्या दिवशी मामाने गादी दोरीने सायकलच्या मागे बांधली, आणि बादली ती हातात घेऊन त्याच्या मागोमाग रस्त्यापर्यंत चालत गेली.