दुसरी आरोळी

रविवार रात्र. पोळा चार दिवसांवर आलाय.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात इतवारी-महालातून मारबती निघतील, म्हणजे गावातलं वाईट ते सगळं सोबत नेणाऱ्या बायांचे मोठाले पुतळे. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' अशी आरोळी उठते, आणि मग महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी जे छळत असेल ते सगळं तिच्या गळ्यात बांधलं जातं. कथेतलं पात्र समजून घ्यायला याहून चांगला सराव नागपूरकराला शोधून सापडायचा नाही.

ज्याच्यावर लिहायचंय त्याला त्या गर्दीत उभं करायचं. वहीत दोनच ओळी. पहिलीत तो सगळ्यांदेखत काय ओरडतो, दुसरीत तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतो. 'महागाई घेऊन जा' असं ओरडणारी बाई मनात 'सासूबाईंचा रात्रीचा खोकला घेऊन जा' म्हणत असेल, तर तिला खोकला नकोय की सासू, हे तिलाही धड सांगता येणार नाही. त्या न सांगता येण्यात पानंच्या पानं दडलेली असतात.

यासाठी दहा मिनिटं पुरे. दोन्ही ओळी सारख्याच आल्या तर पात्राकडे लपवण्यासारखं अजून काही नाही, त्याच्यासोबत आणखी बसावं लागेल. दुसरी ओळ 'एकटेपणा घेऊन जा' अशी आली तर ती खोडायची. तिथे कानाला ऐकू येणारं किंवा हाताला लागणारं काहीतरी हवं: खोकला, भिशीचा हप्ता, शेजारच्यांची नवी गाडी.

पात्राची पन्नास प्रश्नांची जंत्री भरून घेतात, त्यावर माझा विश्वास नाही. आवडता रंग, रास, डोळ्यांचा रंग. ही उत्तरं एकमेकांना कुठेच अडत नाहीत, म्हणून त्यांतून माणूस उभा राहत नाही, बायोडेटा तयार होतो. मी तीनच प्रश्न ठेवीन. त्याला कोणाचे पैसे द्यायचे आहेत? पाहुणे येणार म्हटल्यावर तो घरातली कोणती वस्तू आत नेऊन ठेवतो? आणि तो कोणाला 'अहो' म्हणतो, कोणाला 'अरे', आणि कोणाच्या बाबतीत हे मध्येच बदललं? तिसरा सगळ्यात खोल जातो.

यानंतर अडवणुकीचा प्रसंग. तीनशे शब्द, वीस मिनिटं. राग, दुःख, अपमान, लाज हे शब्द वापरायचे नाहीत. पात्राला एक छोटी गोष्ट हवी असावी आणि ती मिळू नये.

समजा, निवृत्त एसटी कंडक्टर तर्री-पोह्याच्या गाडीवर उभा आहे. प्लेट तीस रुपयांची. त्याने पन्नास दिले, परत दहाच आले. आयुष्यभर लोकांना सुटे पैसे मोजून दिलेला माणूस. पहिल्या खर्ड्यात तो हमखास भांडतो, कारण लिहिणाऱ्याला भांडण लिहिणं सोपं जातं. पहिला खर्डा बाजूला ठेवून हे पाहा:

त्याने दहाची नोट उभी दुमडली, बोटांच्या बेचक्यात खोवली आणि जागचा हलला नाही. मागे रांग वाढत होती. 'भाऊ, थोडी तर्री टाका जी अजून,' तो म्हणाला.

दहा रुपये मागितलेच नाहीत. उभ्या दुमडलेल्या नोटेत त्याची सगळी नोकरी आली, आणि वरची तर्री म्हणजे त्याने आपल्यापुरता चुकता केलेला हिशेब. तो असं का करतो हे आपल्याला पक्कं ठाऊक असावं, पण कागदावर येऊ नये. 'त्याला वाईट वाटलं होतं' एवढं एक वाक्य जोडलं की प्रसंग मेला.

बोलीबद्दल. नागपुरी पात्र म्हटलं की प्रत्येक वाक्यात 'बे' आणि 'काऊन' कोंबले जातात आणि माणसाचा विदूषक होतो. बोली शब्दांपेक्षा क्रियापदात जास्त असते: 'येऊन राहिलो', 'काय करून राहिला?' दहा वाक्यांत अशा दोन जागा पुरतात. तोच माणूस बँकेच्या साहेबासमोर 'येत आहे' म्हणतो आणि मित्राला 'येऊन राहिलो ना बे'. म्हणून त्याचं एकच म्हणणं दोघांपुढे, दोनदा लिहून पाहायचं. जिथे जीभ अडखळते, जिथे साहेबापुढे चुकून 'बे' निसटतो, ती ओळ ठेवायची, बाकीची खुशाल फाडावी.

गुरुवारपर्यंत कंडक्टरच्या दोन ओळी लिहायच्या आहेत. तो काय ओरडेल ते ठरलंय: 'महागाई घेऊन जा गे मारबत!' दुसऱ्या ओळीत तूर्त फक्त 'तिकीट' एवढाच शब्द आहे.