सरता उन्हाळा, कॉन्कर्डच्या वाटेवर

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची कामगार दिनाची सुट्टी झाली की उन्हाळा संपला, असे इथे मॅसॅच्युसेट्समध्ये सगळे जण ठरवूनच टाकतात. शाळा सुरू होतात, पोहण्याचे कपडे माळ्यावर जातात आणि दुकानांच्या दारात भोपळे मांडले जातात. मला ही घाई पटत नाही. म्हणून आज सकाळी मुद्दाम कॉन्कर्डच्या वॉल्डन तळ्यावर पोहायला गेले.

हे तळे हिमयुगाच्या अखेरीस, वितळणाऱ्या हिमनदीने मागे ठेवलेल्या बर्फाच्या जागी तयार झाले आणि मध्यभागी ते सुमारे ३० मीटर खोल आहे. एवढे पाणी तापायला वेळ घेते आणि निवायलाही तितकाच. जूनच्या सुरुवातीला ज्यात पाय घालवत नाही, तेच पाणी आता, हवेत पहाटेचा गारवा आलेला असताना, अंगाला हवेपेक्षा उबदार लागते. याच फरकामुळे पृष्ठभागावर वाफेसारखे धुके उठते आणि ऊन वर आले की काठाकाठाने विरत जाते.

तरंगत असताना कान पाण्याखाली असतात. पक्षी, माणसे, सगळे बंद होते आणि आपलाच श्वास तेवढा मोठ्याने ऐकू येतो. तळ्याच्या पश्चिमेकडून बॉस्टनची लोकल जाते. ती आली तेव्हा आधी पाण्यातून धडधड जाणवली आणि मान वर काढल्यावर मग गाडीचा आवाज आला. एका वेळी एकाच इंद्रियाला काम द्यायचे, एवढीच माझी पद्धत आहे. त्याला ध्यान वगैरे म्हणावे असे मला वाटत नाही. ध्यानाला बसले की मला किराण्याची यादी आठवते, पाण्यात मात्र आठवत नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

साताऱ्याहून आईचा फोन आला होता. "यवतेश्वरच्या वर सोनकी फुलली आहे, डोंगर पिवळा झालाय," असे ती सांगत होती, तेव्हा मी स्वतः पिवळ्या फुलांच्या मधोमध उभी होते. इथल्या माळांवर या दिवसांत गोल्डनरॉड फुलतो. तो आणि आपली सोनकी एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या कुळातले. हिवाळ्यासाठी दक्षिणेला मेक्सिकोच्या डोंगरांकडे निघालेली मोनार्क फुलपाखरे त्याच्या मधावर थांबतात. आज एक होते. ते एका तुऱ्यावर सोंड खुपसून इतके निवांत बसले होते की पंखांच्या काळ्या कडेवरचे पांढरे ठिपके मला सावकाश न्याहाळता आले.

जाता जाता सांगायचे, तर या महिन्यातल्या शिंकांचे खापर लोक याच झाडावर फोडतात आणि ते अन्यायाचे आहे. गोल्डनरॉडचे पराग जड आणि चिकट असतात, ते कीटकच वाहून नेतात. वाऱ्यावर उडून नाकात जातात ते बाजूलाच उगवलेल्या, कोणाच्या नजरेतही न भरणाऱ्या रॅगवीडचे.

शनिवार, २० सप्टेंबर

आज वास आधी आला आणि द्राक्षे नंतर दिसली. ओढ्याकाठच्या पायवाटेवर एका वळणाला हवा एकदम गोड झाली, आणि मान वर केल्यावर मेपलच्या फांद्यांवर चढलेला रानद्राक्षांचा वेल दिसला. याच जातीच्या द्राक्षांपासून कॉन्कर्डच्याच इफ्राइम बुल यांनी १८४९ मध्ये जे वाण तयार केले, ते आता कॉन्कर्ड या नावाने सगळीकडे ओळखले जाते.

नाशिकची द्राक्षे खात वाढलेल्या माणसाला हे फळ नव्याने खायला शिकावे लागते, कारण चावत जाण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. जांभळा, भुरकट थर असलेला मणी ओठांत धरून दाबायचा, म्हणजे साल हातात राहते आणि आतला हिरवट गर सुळकन जिभेवर येतो. सालीच्या आतल्या बाजूला सगळी गोडी असते, गराच्या मध्याशी आंबटपणा आणि त्यात बिया. शेवटी साल चघळली तर तुरटपणा उरतो. एका मण्यात तीन चवी, त्याही अशा क्रमाने, की घाईने खाणाऱ्याला फक्त बिया मिळाव्यात. घरी न्यायला म्हणून मी एकही घोस तोडला नाही. डब्यातून आणलेल्या रानमेव्याला रानातली चव राहत नाही, हा माझा अनुभव आहे, आणि शिवाय पक्ष्यांनाही काही हवे.

ज्या मेपलवर हा वेल होता, त्याची एकच फांदी लाल झाली होती. ओलसर जागेतले लाल मेपल असेच सर्वांच्या आधी रंग बदलू लागतात. पिवळा रंग पानात मुळातच असतो, हिरवा ओसरला की तो उघडा पडतो. लाल मात्र झाड याच दिवसांत नव्याने तयार करते. ऑक्टोबरच्या मध्यावर सगळे डोंगर रंगले की ते पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात, आणि ते दृश्य भव्य असते यात शंकाच नाही. मला मात्र ही एक फांदी अधिक आवडते. तिच्याकडे पाहायला कोणी येत नाही म्हणून नव्हे, तर बाकीचे झाड अजून हिरवे असल्यामुळे.

सोमवार, २२ सप्टेंबर

यंदा घटस्थापना आणि शरद संपात एकाच दिवशी आले. सकाळी घटाखाली पसरायला अंगणातली माती आणली. ती बोटांना गार लागली. दुपारी २ वाजून १९ मिनिटांनी उन्हाळा अधिकृतपणे संपला. आता दिवस रोज जवळपास ३ मिनिटांनी लहान होत आहे.

संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून रातकिडे ऐकले. इथून जवळच असलेल्या टफ्ट्स महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये रातकिड्यांच्या किरकिरीवरून तापमान काढण्याचे सूत्र मांडले होते. त्याचे सोपे रूप असे, की १४ सेकंदांतले आवाज मोजायचे आणि त्यांत ४० मिळवायचे, म्हणजे फॅरनहाइटमधले तापमान मिळते. थंडीत किड्याचे शरीर मंदावते, तशी त्याची लयही. सगळ्या गलक्यातून एकच किडा धरून ठेवणे अवघड असते. कुंपणाजवळचा एक सापडला. २२ आवाज, म्हणजे ६२ अंश; भिंतीवरचा तापमापक ६१ दाखवत होता.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कोजागरी. आटवलेले दूध, केशर, वेलदोडा, थोडी चारोळी; पातेले अंगणातल्या टेबलावर आणि त्याभोवती आजूबाजूची चार मराठी घरे. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच झाडांमागून वर आला. इथले शेतकरी या पौर्णिमेला सुगीचा चंद्र म्हणत, कारण एरवी चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकतो, पण या अक्षांशावर या दिवसांत तो अर्ध्या तासाहूनही कमी सरकतो आणि ओळीने काही संध्याकाळी अंधार पडायच्या आत चांदणे हजर असते. त्यांना ते कापणीसाठी लागत असे. आमच्याकडे कापायला काही नाही, पण दूध उरले आहे, तेव्हा उद्याही साडेसहाला सर्वांना बोलावले आहे.