चाक आणि बैलाचं पाऊल

यंदा वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या गावच्या विहारात रात्रीची जेवणं आटोपली की धम्मपद, म्हणजे बुद्धाच्या वचनांचा पाली भाषेतला ग्रंथ, वाचतोय, आषाढी पौर्णिमेला सुरू केलं ते आश्विन पौर्णिमेपर्यंत, २६ वग्ग म्हणजे प्रकरणं, ४२३ गाथा, बाकीचे बरेच पुढं गेले पण खरं सांगू, मी अजून पहिल्या यमकवग्गातच अडकून आहे.

पहिलीच गाथा बघा ना. वाईट मनानं बोललं-वागलं की दुःख मागं लागतं, जसं बंडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागं चाक. "चक्कं व वहतो पदं". कितीदा वाचलं होतं, पण मागच्या हप्त्यात पाऊस उघडल्यावर खताची बंडी घेऊन वावरात जात होतो अन् सहज खाली बघितलं तर काळ्या चिखलात बैलाचा खूर उमटला की मागून लगेच चाकाची चाकोरी, पाठच सोडत नव्हती, मी कासरा ओढून तिथंच थांबलो. एवढी जुनी उपमा अन् आमच्या पांदणीत जशीच्या तशी!

मग पाचवी गाथा, वैरानं वैर कधी शमत नाही. पालीतली गाथा दोन दिवसात पाठ झाली, पण चुलतभावाशी वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सात वर्षं अबोला आहे त्याचं काय? काल तो विहारात आला, मागच्या सतरंजीवर बसला. वाचायची पाळी नेमकी माझी, "न हि वेरेन वेरानि" म्हणताना आवाज कापला. संपल्यावर "दादा, पाणी घेतो का" एवढंच निघालं तोंडातून.

त्यानं गिलास घेतला.