खंडेनवमीच्या सायकली

खंडेनवमीला साताऱ्यात पटाशी पुजली जाते, शिवणयंत्र पुजलं जातं, ट्रॅक्टरला झेंडूची माळ पडते. त्याच सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणात आमच्या सायकल ग्रुपचा वार्षिक मेळावा भरतो. बाहेरगावचे लोक विचारतात, ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, तेव्हा का घेत नाही? त्यांनी एकदा इथला पावसाळा पाहावा. जूनमध्ये सगळ्यांचं लक्ष ढगांकडे असतं. मग तीन महिने यवतेश्वरचा घाट, कासचं धुकं, फुलांच्या दिवसांतली गाड्यांची रांग आणि या सगळ्यात चेनवर बसलेला लाल चिखल. घटस्थापनेच्या आसपास प्रत्येकाची सायकल दुकानात उघडून पडलेली असते. छर्रे धुतले जातात, ग्रीस बदलतं, चाकांचा आऊट काढला जातो. खंडेनवमीला ती वर्षातली सगळ्यात देखणी दिसते. तारीख अशी सायकलींनीच ठरवलेली आहे.

तरी दरवर्षी मागणी येतेच की मधला वार असला तर सुट्टी मिळत नाही, पुढच्या रविवारी घ्या. एके वर्षी घेतलासुद्धा. ज्यांनी आग्रह धरला त्यातले निम्मे त्या रविवारी महाबळेश्वरला राईडला गेले आणि दुपारी तिथले फोटो टाकले. हे मला अजून लागतं. खंडेनवमीला ऑफिसला जायच्या आधी तासभर येऊन, माळ घालून, दोन शब्द बोलून जाणारे लोक आमच्यात आहेत. त्यांच्यासाठी तारीख हलवायची नाही, असं त्या वर्षापासून पक्कं झालं.

नारळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांना शाल हे सगळं होतं, आणि लवकर होतं. खरा मेळावा बांबूंजवळ असतो. मंडपवाल्या काकांकडून आणलेले बांबू आडवे बांधतो आणि त्यावर सायकली सीटच्या नाकाने टांगतो. दर सायकलीला एक कार्ड. त्यावर फ्रेम, ग्रुपसेट (म्हणजे गिअर-ब्रेकचा संच), पुढच्या चकत्यांचे दात, मागच्या चकत्यांचे दात, टायर आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘कुणाचा हात लागला’. ही ओळ पहिल्या वर्षी आमच्या बँकेतल्या खजिनदारांनी सुचवली. मला विचाराल तर अख्ख्या मेळाव्याचा जीव त्या ओळीत आहे.

दातांवर मात्र गर्दी जमते आणि ते साहजिक आहे. शहराबाहेर पडलं की आमच्याकडे चढ आहे. यवतेश्वर, मेढ्यापुढचा केळघर, वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी, पुण्याहून परतताना खंबाटकी. सपाटीच्या गावातला माणूस सायकल घेताना रंग आणि वजन बघेल, आमचा माणूस आधी कॅसेटमधल्या, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचातल्या, सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजतो. जुन्या रेसिंग सायकलींवर पुढे ५३ आणि ३९ दातांच्या दोन चकत्या आणि मागे फार तर २५ दात असायचे. ३९ ला २५ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वातीन मीटर पुढे जाणार, आणि यवतेश्वरच्या वळणावर ते सव्वातीन मीटर गुडघ्यातून वसूल होतात. आता पुढे ५०-३४ आणि मागे ११ ते ३४ सर्रास मिळतं. ३४ ला ३४ लावलं की एका फेऱ्याला दोन मीटरच्या थोडं वर. वेग कमी होतो, पण माणूस सायकलीवर बसून वर पोचतो. साठीतली माणसं आमच्याकडे कासला सायकलने जातात ती या दातांच्या जोरावर. म्हणून ‘एवढी मोठी कॅसेट? बायकांची सायकल का?’ असं कुणी म्हणालं तर मी त्याला तिथंच थांबवतो.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. आमच्यासारख्या गावांत त्यानंतर वारं बदललं. शिमानो कंपनीच्या ग्रुपसेटपैकी क्लॅरिस आठ स्पीडची, म्हणजे मागे आठ चकत्यांची, सोरा नऊची, टियाग्रा दहाची, १०५ अकराची, हे शाळकरी पोरं पाढ्यासारखं म्हणू लागली. पुढे १०५ बारावर गेली तेव्हा जुन्या अकरावाल्यांचं तोंड किती उतरलं होतं ते मी बांबूंजवळच पाहिलं आहे. त्या वर्षी दुकानवाल्या आजोबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, ‘अकरा नीट ट्यून केले तर आयुष्यभर पुरतील.’ टाळ्या पडल्या.

वजनाचाही खेळ असतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमाने शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. आमच्याकडची कार्बनची सर्वांत हलकी सायकल आठच्या आसपास, आणि पेपरवाल्या दादांची काळी हर्क्युलस, कॅरिअर आणि घोड्यासकट, काट्यावर वीसच्या पुढे. पोरं आधी अंदाज सांगतात, मग काटा अडकवतात. दादा त्या सायकलीला माळ घालतात ती आमच्यासारखी हँडलला नाही, कॅरिअरला. ‘घर यावर चाललं,’ एवढंच त्यांचं भाषण. कार्डाच्या शेवटच्या ओळीत मात्र ते दरवर्षी पोवई नाक्याच्या त्या पंक्चरवाल्याचं नाव लिहितात, ज्यानं पावसाळ्यात त्यांच्याकडून कधी पैसे घेतले नाहीत.

आता भाषणांकडे येतो. प्रत्येकाने सायकलीशेजारी उभं राहून तीन मिनिटं बोलायचं, हा रिवाज. काही जण कॅटलॉग वाचतात. फ्रेम अमुक, व्हीलसेट तमुक, किंमत हळूच. ते ऐकून घ्यायचं. पण काही माणसं एकेक पार्टवर बोट ठेवून तो कुठून आला ते सांगतात, तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागतं.

आमच्यातल्या एका इंजिनियरच्या सायकलीवर विजेवर चालणारे गिअर आले तेव्हा मागे कुजबूज झाली. शिमानोने असं डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ड्युरा-एस या आपल्या सगळ्यात वरच्या ग्रुपसेटमध्ये २००९ सालीच आणलं होतं, पण साताऱ्यात ते श्रीमंतीचं लक्षण मानलं जायचं. तो उभा राहिला. अपघातानंतर उजव्या मनगटात जोर उरला नाही, गिअर बदलायच्या शिफ्टरचा खटका आत ढकलता येत नव्हता, असं सांगून त्याने बोटाच्या टोकाने बटण दाबलं. चेन सरकली. ‘माझ्या बहिणीने सोन्याची बांगडी मोडून दिला हा,’ तो म्हणाला. कुजबूज पुन्हा झाली नाही.

कॉलेजातल्या एका मुलीची सायकल तर आमच्या ग्रुपचीच म्हणावी लागेल. सेकंडहँड फ्रेम, एकाचे जुने सोरा शिफ्टर, दुसऱ्याने बदललेला क्रँक, तिसऱ्याची चाकं. तिच्या कार्डावर शेवटची ओळ मागच्या बाजूपर्यंत गेली होती. त्याच सायकलीवर तिने २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली. तिने एकेक नाव वाचलं तसा तो तो माणूस गर्दीत खाली बघू लागला.

आणि शेवटी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आमचे तात्या. स्टीलची फ्रेम, फ्रेमच्या दांडीवरचे गिअरचे खटके, नळ्या पातळ झालेल्या. तरुणपणी ते मुंबई-पुणे शर्यतीत उतरले होते. बोरघाटात पहिल्या येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तात्या तो झाले नाहीत. घाटाच्या पायथ्याशी खड्ड्यात त्यांचं पुढचं चाक वाकलं. दुसऱ्या एका स्पर्धकाचे पाय गोळे येऊन संपले होते. त्याने रस्त्याच्या कडेला बसल्या बसल्या आपलं पुढचं चाक काढून यांना दिलं. पुण्यात परत करायला गेले तर म्हणाला, राहू दे, पुढच्या वर्षी याच चाकाने ये. रिम तेव्हापासून दोनदा बदलली, तारा कितीदा, पण हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, तोच. तात्या बोलताना हाताने चाक फिरवतात आणि ते फिरत असेपर्यंतच बोलतात. तीन मिनिटं कधीच उलटून जातात, घंटा मी वाजवत नाही. दर वर्षी तीच गोष्ट, त्याच शब्दांत, आणि दर वर्षी माझा गळा दाटतो. अलीकडे नवी मंडळी या वेळी पोह्यांच्या रांगेत असतात. त्यांनी हे चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आभारांच्या वेळी पटांगण अर्धं रिकामं होतं, म्हणून इथे लिहून ठेवतो. आमच्या माणसांना नाव छापलेलं आवडत नाही, तेव्हा कामावरूनच ओळखून घ्यावं. पहाटे साडेपाचला गेट उघडणारे शाळेचे शिपाई मामा. मंडपवाले काका, ज्यांनी बांबूंचं भाडं आजवर घेतलेलं नाही. कोरेगावहून झेंडू आणणारे आमचे शेतकरी सदस्य. गेल्या वर्षी पावसाने फुलं गेली तरी दोन पोती आणली. दुकानवाले आजोबा आणि आता त्यांचा नातू, जो आदल्या रात्री बारापर्यंत सगळ्यांचे ब्रेक तपासतो. प्रथमोपचाराची पेटी घेऊन येणाऱ्या डॉक्टर ताई. पोहे करणाऱ्या तिघी वहिनी, आणि गॅस उचलून आणणारे त्यांच्यातल्या एकीचे सासरे. कंदी पेढ्यांचा प्रसाद देणारं राजवाड्याजवळचं कुटुंब. कार्डं लॅमिनेट करणारा झेरॉक्सवाला मुलगा. काटा आणणारे किराणावाले. स्पीकरवाले. फोटो काढणारे आणि म्हणून एकाही फोटोत नसलेले भाऊ. कोपऱ्यावर गाड्या थांबवून सायकलींना वाट करून देणारे वाहतूक हवालदार. पहिला बॅनर हाताने रंगवणारे आर्टिस्ट काका. ते आता नाहीत, बॅनर आहे. बांबू सोडून परत पोचवणारी चार पोरं, कारण ते काम कुणाला दिसत नाही. गेल्या वर्षी माईकची वायर घरून आणून देणाऱ्या समोरच्या आजी आभारांत राहून गेल्या होत्या, त्याही.

यंदा आभार भाषणांच्या आधी घेणार आहोत आणि पोहे तात्यांच्या नंतर. कार्डं अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत दुकानात द्यावीत, शेवटची ओळ रिकामी ठेवू नये.